ऑफ-रोड गाडी एका अंगाला कललीय? आधी टेप, मग पाना

गगनबावड्यात, करूळ घाट उतरायच्या आधी चहाला थांबलो होतो. मागच्या गाडीतून उतरता उतरता मित्र म्हणाला, "तुझी जिप्सी उजव्या अंगाला बसलीय बघ." मी मागं जाऊन पाहिलं. बंपर आणि रस्ता यांच्यातली फट डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. फरक फार नव्हता, पण एकदा दिसल्यावर नजर तिथून हटेना.

कोल्हापुरात परतल्यावर चार जणांनी चार उपाय सांगितले. एक म्हणाला शॉकअप बदल, दुसरा म्हणाला पाट्याखाली (पाटा म्हणजे पोलादी पानं एकावर एक रचून केलेली स्प्रिंग) पॅकिंग टाक, तिसरा म्हणाला नवे पाटेच घाल, चौथ्याच्या मते जुन्या गाडीला एवढं चालतंय. कल का आला, हे मात्र कुणीच विचारलं नाही. नव्यानं जुनी जीप, जिप्सी, थार किंवा जिम्नी घेतलेल्यांकडून मला हाच प्रश्न वारंवार येतो. म्हणून मी ज्या क्रमानं शोधत गेलो तो क्रम, माझी झालेली चूक धरून, इथं सविस्तर लिहितो.

माप कुठं आणि कसं घ्यायचं

पहिली अडचण जागेची. आपल्याला सपाट वाटणारी जमीन बहुतेकदा सपाट नसते. पेट्रोल पंपाच्या आवाराला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, गॅरेजच्या कोब्याला असतो, घरासमोरच्या फरशीलाही असतो. चाकांमधल्या अंतरात जमीन १५ मि.मी. उतरली असेल, तर पूर्ण निरोगी गाडीही नजरेला वाकडी दिसते.

यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय गवंड्याकडे असतो: लेव्हलची नळी. पारदर्शक प्लास्टिकची दहा-बारा मीटर नळी घ्या, तिच्यात पाणी भरा आणि बुडबुडे काढून टाका. चारही चाकं जिथं टेकणार त्या चार जागांची पातळी तिनं तपासा. जिथं जमीन खाली असेल तिथं चाकाखाली प्लायवूडचे किंवा शहाबादी फरशीचे तुकडे घाला. नळी मिळाली नाही तर दुसरी युक्ती आहे. गाडी उभी करून माप घ्या, मग गाडी पूर्ण उलट्या तोंडानं नेमकी त्याच जागी लावा आणि पुन्हा माप घ्या. दोन्ही मापांची सरासरी काढली की जमिनीचा उतार बराचसा वजा होतो. मी दोन्ही करतो. अर्धा तास जातो, पण पुढचे दोन दिवस वाचतात.

मापायच्या आधी चारही टायरची हवा सारखी करा. मागच्या भागातलं सामान, दोर, जेरीकॅन, हत्यारांची पेटी, सगळं उतरवा. टाकी साधारण अर्धी ठेवा आणि किती होती ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळीही तेवढीच ठेवता येईल. गाडी पंधरा-वीस फूट पुढं-मागं चालवा आणि शेवटचा थोडा भाग ब्रेक न दाबता आपोआप थांबू द्या. मग चारही कोपरे हातानं दाबून दोन-तीनदा हलवा. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी लगेच मापू नका. चाकं आत ओढलेली असतात आणि गाडी खोटी उंच दिसते.

माप जमिनीपासून न घेता चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ उभ्या रेषेत घ्या. त्यामुळं टायरची झीज आणि हवा हिशोबातून निघून जातात. शिवाय दुसरं माप चेसिसचं, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचं घ्या: ॲक्सलच्या (डावं-उजवं चाक जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) वरच्या भागापासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत, डावीकडे आणि उजवीकडे एकाच जागी. हे माप नवखे लोक सोडून देतात. जुन्या गाड्यांची मडगार्डं ठोकून सरळ केलेली असतात आणि ती सारखी असतीलच असं नाही. त्यातही चेसिस सरळ असून फक्त मडगार्डं कललेली आढळली, तर दोष सस्पेन्शनचा नसून बॉडी आणि चेसिस यांच्यामधल्या रबरांचा असतो. जीप, जिप्सी, थार, जिम्नी या सगळ्या चेसिसवर बॉडी ठेवलेल्या गाड्या आहेत. एका बाजूची बॉडी-रबरं कुजली किंवा त्यांच्या बैठकीला गंज लागला की बॉडी एका अंगाला बसते, आणि पाट्यांवर कितीही खर्च केला तरी ती उठत नाही.

माझी मापं अशी आली. पुढं डावीकडे ४९७, उजवीकडे ४७९. मागं डावीकडे ५११, उजवीकडे ४९१. म्हणजे पुढं १८ मि.मी.चा फरक, मागं २०. चेसिसची मापंही तेच सांगत होती. १० मि.मी.च्या आतला फरक असता तर मी हात लावला नसता. चालकाचं वजन, टाकीची जागा, बॅटरी यांमुळं तेवढा फरक धडधाकट गाडीतही दिसतो. १५ च्या वर गेला की मात्र शोधायला हवं.

पुढचं दुखणं की मागचं

वरच्या आकड्यांत एक फसवी गोष्ट आहे. पुढचा आणि मागचा फरक जवळपास सारखा आहे, म्हणून दोन्हीकडचे पाटे बसले असा अर्थ लावू नका. चेसिस ताठ असते. मागचा एक पाटा बसला तरी ती पुढूनही कलते, कारण अख्खं अंगच कलतं. उलट सपाट जागी पुढचा आणि मागचा फरक खूप वेगळा आला, तर आधी जमीन, मडगार्ड किंवा चेसिसला आलेला पीळ तपासा. नुसत्या मापांवरून दोष कुठल्या ॲक्सलवर आहे ते कळत नाही.

त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पुढच्या आडव्या चेसिसपट्टीच्या बरोब्बर मध्यभागी ट्रॉली जॅक लावून, पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली राहतील इतकं उचला. दोन्ही बाजूंना चेसिसखाली लोखंडी घोड्या उभ्या करा, पण त्यांना चेसिस टेकू देऊ नका. दोन-तीन सें.मी. फट ठेवा, त्या फक्त सुरक्षेसाठी आहेत. आता गाडीचं पुढचं अंग एका बिंदूवर तोललेलं आहे, आणि ती किती कलायची हे फक्त मागचे पाटे ठरवतात. अंग हलकेच हलवून सोडा आणि मागचा फरक मापा. मग हीच चाचणी उलट करा, म्हणजे मागून मध्यभागी उचलून पुढचा फरक मापा. बहुतेक गाड्यांत हॅन्डब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो, त्यामुळं मागून उचलल्यावर त्याचा उपयोग होत नाही. पुढच्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. आणि गाडी एका बिंदूवर तोललेली असताना तिच्याखाली डोकं घालायचं नाही, टेप पडली तरी नाही.

माझ्या गाडीचा पुढचा भाग उचलल्यावर मागचा फरक २० वरून ३१ वर गेला. मागचा उचलल्यावर पुढचा १८ वरून ४ वर आला. म्हणजे पुढचे पाटे ठीक होते आणि तेच बिचारे मागच्याचं दुखणं थोडंफार झाकत होते. दोष मागं होता. उजवा पाटा कमी उचलत होता किंवा डावा कुठंतरी जाम होऊन वर राहिला होता.

पाटे असलेली गाडी

जिप्सी आणि जुन्या एमएम-५४०सारख्या जीपना चारही चाकांवर पाटे आहेत. २०१० ते २०२० मधल्या थारला आणि बोलेरोला ते फक्त मागं आहेत. पाटे तपासताना मी हा क्रम ठेवतो.

सगळ्यात आधी शॅकल, म्हणजे पाट्याच्या एका टोकाला असलेला झुलता दुवा. वजन आलं की पाटा सपाट होतो, लांब होतो आणि शॅकल झुलतो. डाव्या आणि उजव्या शॅकलचा कोन सारखा दिसला पाहिजे. आपल्याकडे ऊसपट्ट्यातल्या चिखलवाटा आणि घाटाकडची तांबडी माती शॅकलमध्ये जाऊन बसते, पावसाळाभर ओली राहते आणि पिन गंजून धरते. जाम झालेला शॅकल पाट्याला मोकळं होऊ देत नाही. त्या बाजूला गाडी उंच राहते आणि मग निरोगी बाजू बसल्यासारखी वाटते. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले आहेत का, पानं मध्यभागी एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसलंय का, हेही बघा. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल पुढं-मागं सरकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मापलं की ते लगेच कळतं.

मग पाटे. तारेच्या ब्रशनं घासून प्रत्येक पानाची कड टॉर्चच्या उजेडात बघा. बाहेर दिसणारी चीर कुणालाही सापडते. न दिसणारी चीर सेंटर बोल्टच्या भोकाजवळ, यू-बोल्टच्या प्लेटखाली दडलेली असते, कारण भोकामुळं पाटा तिथंच कमजोर असतो. एक खूण उपयोगी पडते: पानांच्या फटीतून गंजाची ताजी तांबडी रेघ ओघळलेली दिसली, तर आत काहीतरी घासतंय. माझ्या उजव्या पाट्याला अशी रेघ होती आणि मी ती चिखल समजून दोनदा पुसली होती.

गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हितनं काय कळायचं न्हाई. सोडल्याबिगर पाटा बोलत न्हाई." पाट्याचा गठ्ठा सोडल्यावर तिसरं पान भोकातून आरपार तुटलेलं निघालं. दोन्ही तुकडे यू-बोल्टनं दाबून धरलेले असल्यामुळं बाहेरून अख्खं दिसत होतं, पण भार घेत नव्हतं. याच जागी पॅकिंग टाकलं असतं तर गाडी सरळ दिसली असती, आणि वरची दोन पानं घाटात कधीतरी तुटली असती.

पान बदलताना जाडी, रुंदी आणि लांबी मूळ पानाइतकीच हवी. आणि काम दोन्ही बाजूंना करा, हे मी आग्रहानं सांगतो. एकाच बाजूला नवी कमान काढली तर काही महिन्यांत कल उलट्या बाजूला जातो. थंड पाटा घणानं ठोकून दिलेली कमान फार टिकत नाही. भट्टीत तापवून, आकार देऊन, परत पाणी देऊन घेतलेली टिकते. आपल्या शहराचं नशीब असं, की हे काम समजून करणारी माणसं उद्यमनगरात आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात आहेत. पाटे परत आले की गाडीला लावण्याआधी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवा. पाट्याच्या दोन्ही डोळ्यांमधून, म्हणजे टोकांच्या गोल भोकांमधून, दोरी ताणा आणि दोरीपासून मध्यापर्यंतची कमान मापा. ३-४ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर परत करा. गाडीला लावून मग भांडण्यापेक्षा हे सोपं आहे.

यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. आवळताना चौकटीत आलटून-पालटून आवळा, आणि ताण गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच टॉर्क पान्यानं द्या.

माझी चूक: हवेत आवळलेले बोल्ट

उजवी बाजू मी रात्री घरीच जोडली. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळत, आणि तशाच अवस्थेत मी पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळले. डावी बाजू दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जोडली. सकाळी माप घेतलं तर गाडी आता डावीकडे ९ मि.मी. कललेली! कमान सारखी, पाटे सारखे, तरीही.

कारण पाट्याच्या डोळ्यात बसणाऱ्या रबरी बुशात होतं. अशा बुशात रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला धरून असतं. बोल्ट आवळला की आतली नळी त्या कोनात पक्की होते, आणि पुढची सगळी हालचाल रबराला पीळ देत होते. पाटा लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर येताच रबराला मोठा पीळ पडतो आणि तो पीळ गाडीला वर ढकलत राहतो. एका बाजूला असं झालं की कल आलाच. शिवाय रबर कायम पिळलेलं राहिल्यामुळं लवकर फाटतं.

उपाय साधा आहे. जोडताना सगळे बोल्ट हातानं, नट टेकेपर्यंतच लावा. चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवा, पुढं-मागं चालवा, कोपरे दाबून हलवा, आणि मग गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना बोल्ट पूर्ण आवळा. मी उजवीकडचे तीनही बोल्ट सैल केले, तेव्हा "खट्" असा आवाज होऊन तो कोपरा खाली आला. परत आवळून मापलं, फरक ३ मि.मी. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत ॲक्सल धरणाऱ्या दांड्यांच्या बुशांनाही हाच नियम आहे. कुणाची गाडी "काम केल्यापासून" कलली असेल, तर मी सगळ्यात आधी हे बोल्ट सैल करून बघतो. पुष्कळदा तिथंच काम संपतं.

या रबरी बुशांना ग्रीस लावू नका, तेलानं रबर फुगतं. घट्ट जात असतील तर साबणाचं पाणी लावा. जुन्या जीपच्या धातूच्या बुशांना ग्रीस निपल असतात, तिथं मात्र ग्रीस भरलंच पाहिजे.

टॉर्शन बार: २०१० ते २०२० ची थार

या थारच्या पुढच्या चाकांना पाटे किंवा कॉइल नसतात. पिळानं काम करणारी लांब सळई असते, आणि तिच्या मागच्या टोकाशी उंची जुळवायचा बोल्ट असतो. त्यामुळं पुढचा कल काढणं इथं सगळ्यात सोपं आहे, आणि चुकणंही तितकंच सोपं.

बोल्ट फिरवायच्या आधी त्याचे किती आटे बाहेर दिसतात ते दोन्ही बाजूंना मोजून लिहा आणि रंगानं खूण करा. पुढचा भाग उचलून घोड्यांवर ठेवा म्हणजे बारवरचा ताण कमी होतो. खालच्या बाजूचा बोल्ट एक फेरी आवळा, गाडी उतरवा, चालवा, हलवा, मापा. एका फेरीत किती मि.मी. उचलते ते आपल्याच गाडीवर असं कळतं. मग उरलेला फरक अर्धा-अर्धा वाटा: खालची बाजू थोडी वर, वरची थोडी खाली. सगळं एकाच बाजूनं ओढलं तर त्या चाकाला खाली जायला वाव कमी उरतो, गाडी दगडावरून जाताना आदळते, आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त कोनात चालतात. बोल्ट कधीही पूर्ण काढू नका, त्या सळईत भयंकर ताण साठलेला असतो. डावा आणि उजवा बार एकमेकांच्या जागी घालू नका, प्रत्येकाचा पीळ ठरलेल्या दिशेचा असतो.

कॉइल स्प्रिंग: २०२० नंतरची थार, जिम्नी

कॉइल काढली की दोन्ही शेजारी उभ्या करून उंची आणि तारेची जाडी मापा. टोक बैठकीच्या खाचेत बसलं होतं का, वरचं रबर जागेवर होतं का, हे बघा. निम्मे कल एवढ्यातच निघतात. काही गाड्यांना कंपनीच चालकाच्या बाजूला थोडी जास्त ताकदीची कॉइल देते, म्हणून पार्ट नंबर किंवा रंगाची खूण पाहिल्याशिवाय अदलाबदल करू नका. दोन्ही सारख्याच असतील तर अदलाबदल ही चांगली परीक्षा आहे. कल दुसऱ्या बाजूला गेला तर कॉइल दोषी, तिथंच राहिला तर वजन किंवा बैठक. थारच्या पुढच्या कॉइलला दाबायचा स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. नवख्यानं ते काम मिस्त्रीवर सोडावं, निसटलेली कॉइल हात मोडते.

सगळं धड असूनही विंच, लोखंडी बंपर किंवा जादा टाकीमुळं कल येत असेल, तेव्हा मला स्पेसर, म्हणजे उंची वाढवायला कॉइलला लावायची चकती, मान्य आहे. पण हिशोब समजून घ्या. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर कॉइल चाकापासून आत बसलेली असते, त्यामुळं ६ मि.मी.चा स्पेसर चाकाशी त्याहून जास्त उचलतो. दुसरं म्हणजे, चौरंगाच्या एका पायाखाली पुठ्ठा घातला की तिरपे समोरासमोरचे दोन पाय भार घेतात आणि बाकीचे दोन हलके होतात. गाडीचंही तसंच. एकाच कोपऱ्यात स्पेसर टाकला तर दुसरा ॲक्सल त्याला विरोध करतो, कल अर्धाच निघतो, आणि वजन तिरपं वाटलं जाऊन ब्रेक मारताना गाडी ओढते. म्हणून पातळ स्पेसर घ्या, आणि तो वर सांगितलेल्या चाचणीत दोषी ठरलेल्या ॲक्सलवरच टाका. पुढच्या पाट्यांखाली ठोकळे घालून उंची वाढवू नका. ब्रेकच्या जोरानं ॲक्सल पिळतो आणि ठोकळा निसटू शकतो. मूळ उंचीवर आणणं ही दुरुस्ती असते. त्याहून वर उचलणं हा बदल ठरतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या, गाडीतल्या बदलांबद्दलच्या कलम ५२ चा प्रश्न येतो.

जिम्नीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गाडीची उंची वाढवल्यानंतर ती कलत नाही, पण एका बाजूचं चाक मडगार्डच्या बाहेर आणि दुसरं आत दिसतं. हा कल नाही. ॲक्सलला आडवी धरणारी दांडी उंचीबरोबर ॲक्सलला बाजूला ढकलते. तिथं स्पेसर घालून काही होत नाही, लांबी जुळवता येणारी दांडी लागते.

शॉकअपबद्दल एवढंच: साधा तेलाचा शॉकअप गाडीचं वजन धरत नाही, तो फक्त झोके थांबवतो. गळत असेल तर जरूर बदला, पण कल काढायला म्हणून विकत घेऊ नका. गाडीला अँटी-रोल बार (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून डावं-उजवं चाक जोडणारी सळई) असेल तर त्याची एका बाजूची लिंक सोडून पाहा. वाकलेला बारही गाडी कलती ठेवतो.

काम झाल्यावर

पुढच्या भागाची उंची बदलली असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या, टॉर्शन बारवाल्यांनी तर नक्कीच. हेडलाइटचा झोत भिंतीवर तपासा. मग एक फेरी मारा. मी पन्हाळ्यापर्यंत जातो, वळणं आणि चढ दोन्ही मिळतात. येऊन यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासतो. पहिल्याच फेरीत ते थोडे सैल होतात, दर वेळी. पाटे नवे किंवा कमान काढलेले असतील तर ५०० कि.मी. नंतर परत चारही मापं घ्या, कारण ते थोडे बसतात.

माझी चार मापं, टाकीची पातळी आणि तारीख मी बॉनेटच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेननं लिहून ठेवली आहेत. मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा शॅकल धुऊन तीच मापं पुन्हा घेतो.